आतलं कार्ड काढून किती?

आमच्या लंडनच्या पिनरमधल्या घरात एक अख्खा उन्हाळा आणि वर निम्मा ऑटम एकाच प्रश्नावर खर्ची पडला. नव्या कॉम्प्युटरमध्ये नेटवर्कचं कार्ड आतच बसवलेलं असलं, तर त्याने किंमत कितीशी वाढते? बस्स, एवढाच प्रश्न. बाहेर घरांच्या किमती चढत होत्या, नवरा ज्या बढतीच्या जागेची आस लावून बसला होता ती हॉस्पिटलने दुसऱ्याच कुणाला दिली, शेजारची म्हातारी गेली आणि तिची मांजर आमच्याकडे जेवायला यायला लागली. पण आमच्या जेवणाच्या टेबलावर विषय एकच, कार्ड.

उत्तर आत्ताच सांगून टाकते. फारशी वाढत नाही. वायरीचं कार्ड असेल तर जवळजवळ काहीच नाही, बिनवायरीचं असेल तर किरकोळ. हे वाक्य बोलायला मला एक श्वास लागला. आमच्याकडच्या दोन हुशार, शिकल्यासवरल्या, स्कॉलरशिपा मिळवलेल्या पुरुषांना ते काही महिने सापडलं नाही.

मला स्वतःला त्या कार्डाशी काडीचं देणंघेणं नव्हतं. मला माझी आई दिसायला हवी होती.

आई नागपूरला, माझ्या भावाकडे. तिचं ऐकू येणं गेलं होतं. आधी उजवा कान गेला, मग डावाही. भावाने यंत्र आणून दिलं होतं, पण कानात घातलं की ते शिट्टी मारतं म्हणून ती ते डबीत घालून शोकेसमध्ये ठेवायची आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायची. समोर माणूस बसलं तर तिचं काही अडायचं नाही. ओठ बघून, चेहरा बघून तिला सगळं कळायचं, न सांगितलेलंसुद्धा. पण फोनला कुठले ओठ? दर रविवारी सकाळी मी कॉलिंग कार्डाचे ते लांबलचक आकडे दाबून फोन लावायचे. ती म्हणायची, "बोल." मी बोलायचे. ती म्हणायची, "बोलून राहिली का तू? मला काहीच नाही ऐकू येऊन राहिलं." मग ती अंदाजाने उत्तरं द्यायची. हो, जेवली. नाही, पाय बरा आहे. थंडी खूप आहे का गं तिकडे? तेव्हा जून महिना असायचा. एकदा मला फार एकटं वाटत होतं, काही कारण नव्हतं, असंच, आणि मी फोनवर सरळ रडायला लागले. आई पलीकडून म्हणाली, "हो का? बरं झालं, छान झालं बाई."

त्यानंतर ती फोनवर यायचीच बंद झाली. वहिनी म्हणाली, "आई नको म्हणतात. मला ऐकू येत नाही, तिचे पैसे कायले वाया घालवता, म्हणतात." डिसेंबरात मी नागपूरला जाणार होते, नवऱ्याने तसं कबूलही केलं होतं. पण डिसेंबर लांब होता आणि मधे रविवार कितीतरी होते.

अशात आमच्या रस्त्यावर ब्रॉडबँड आलं. कंपनीने पोस्टाने एक खोकं पाठवलं, त्यात राऊटर, दोन-तीन वायरी आणि एक सीडी. ते खोकं हॉलवेत, फोनच्या सॉकेटशेजारी लावायचं होतं. भावाने कळवलं, तू वेबकॅमेरा घे, मी इकडे आईला समोर बसवतो, तुझा चेहरा दिसला की तिला कळेल. मी त्याच आठवड्यात हाय स्ट्रीटवरून वेबकॅमेरा आणून ठेवला. मला वाटलं, झालं, येत्या रविवारी आई दिसते. कसचं काय!

कारण नवऱ्याने मित्राला विचारलं.

हा मित्र शाळेपासूनचा, पुण्याचा, एजवेअरला राहायचा. एका बँकेत सॉफ्टवेअरचं काहीतरी बडं काम करायचा, म्हणजे नक्की काय ते त्याच्या बायकोलाही सांगता यायचं नाही. आमच्या ओळखीच्या मराठी घरांत कॉम्प्युटर म्हटलं की त्याला फोन. त्याने कॉम्प्युटरला हात लावलेला मात्र मी कधी पाहिला नाही. तो बोलायचा. बोलायचा मात्र असा, की ऐकणाऱ्याला आपण आजवर अंधारात चाचपडत होतो असं वाटावं.

"किती जुनं मशिन आहे तुझं?" त्याने फोनवर विचारलं.

"असेल दोन-तीन वर्षांचं," नवरा म्हणाला.

"मग नेटवर्किंग नसणार. त्या काळच्या होम मशिनला नसतंच रे. नवीन घे."

लागला निकाल. मशिन बघितलं नाही, मागे डोकावलं नाही, नुसतं वय विचारून मोकळा. माझा नवरा भूल देणारा डॉक्टर. त्याने हॉस्पिटलात पेशंटला न बघता नुसतं वय विचारून भूल दिली असती तर दुसऱ्या दिवशी त्याला घरी बसवला असता. पण मित्राचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य! नवऱ्याने मान डोलावली आणि आमचं नवीन कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं.

पण घ्यायचा कसला, यावर त्या मित्राचा एक सिद्धान्त होता. रविवारी तो सहकुटुंब जेवायला आला आणि मी केलेला पाटवडी रस्सा ओरपत त्याने मला तो समजावून सांगितला. "वहिनी, अंगचं कार्ड कधी घेऊ नका. अंगचं बिघडलं की सगळा बोर्ड बदलावा लागतो. वेगळं कार्ड घ्यायचं. स्वस्त पडतं, आणि उद्या दुसऱ्या मशिनला लावता येतं."

ही आमच्या पिढीची खास भीती. लहानपणी ज्यांच्या घरी टू-इन-वन होता त्यांना विचारा. रेडिओ बिघडला की टेपही त्याच्याबरोबर दुकानात जाऊन महिनामहिना पडून राहायचा. तेव्हापासून आम्हाला दोन गोष्टी एकत्र दिसल्या की घाम फुटतो. भारत सोडला, पासपोर्ट बदलले, पोरांची नावं इंग्रजांना उच्चारता येतील अशी ठेवली, पण टू-इन-वनची धास्ती काही जाईना.

"पण आपल्याला नेट हवंच आहे ना? मग आत असलं तर बरंच की," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे ज्या दयेने पाहिलं, ती दया मला अजून आठवते.

पुढच्या शनिवारी आम्ही ईलिंगला एका मोठ्या दुकानात गेलो. टाय लावलेला, दमलेला एक सेल्समन आला. त्याने एक मशिन दाखवलं, म्हणाला, यात नेटवर्क बिल्ट-इन आहे, वायर्ड आणि वायरलेस, दोन्ही. मी म्हटलं, छान. नवऱ्याने घसा खाकरला आणि अगदी साहेबी इंग्रजीत विचारलं, "आम्हाला ते आत नकोय. ते काढून किती?"

सेल्समनला आधी वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. "काढून?"

"हो. ते कार्ड तुम्ही ठेवून घ्या. बाकीचं मशिन किती?"

"सर, ते काढता येत नाही. बोर्डावरच असतं."

"ते ठीक आहे. पण समजा काढलं, तर?"

मुळ्याच्या जुडीचा पाला तोडून निम्म्या भावात मागावी, तसं चाललं होतं. तो बिचारा समजावत होता की वायरीच्या कार्डाची वेगळी किंमतच नाही, ते आता सगळ्यांत येतंच, आणि वायरलेसचा फरक म्हणाल तर दोघांच्या फिश अँड चिप्सएवढा. मी नवऱ्याला मराठीत म्हटलं, "आज आपण उपाशी राहू. घे हे आणि चल."

"प्रश्न पैशांचा नाहीये," नवरा म्हणाला. "प्रश्न प्रिन्सिपलचा आहे. जे आपण मागितलं नाही त्याचे पैसे आपण का द्यायचे?"

मी त्याला म्हटलं की तू मोटार घेतलीस तेव्हा मागच्या सीटचे पैसे कापून घेतलेस का? आपण मागे कधी बसतो? त्यावर तो म्हणाला की मोटारीचं वेगळं असतं. सेल्समन तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे सटकला होता. शहाणा माणूस.

आणि मग सुरू झालं ते खरं पुराण. दर भेटीत नवा मुद्दा. वेगळं कार्ड घ्यायचं तर पेटी उघडून आत बसवायचं की बाहेरून खुपसायचं? बाहेरचं घेतलं तर प्रोसेसरवर ताण येतो म्हणे. आतलं घ्यायचं तर पेटी उघडली की वॉरंटी गेली. मग वॉरंटी मोठी की कार्ड मोठं? वायरलेस घेतलं तर आमच्या विटांच्या भिंतीतून वर पोचेल का? न पोचलं तर त्याचे पैसे परत मिळतील का? मित्र म्हणायचा, "थांब, घाई करू नकोस, ख्रिसमसच्या आधी किमती पडतात." नवरा म्हणायचा, "पॉइंट आहे." बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं आमच्याकडे म्हणतात. आमच्या बाजारात तुरीसुद्धा नव्हत्या, कारण दोघांपैकी एकही दुकानात पुन्हा गेला नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर दोन पुड्या फिश अँड चिप्सचे पैसे वाचवायला! तेवढ्या काळात त्या मित्राने आमच्याकडे किती वेळा जेवण झोडलं आणि त्याला तेल-बेसन किती लागलं, याचा हिशेब त्याने कधी केला नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

मी मधेमधे विचारायचे, "झालं का ठरवून?" नवरा म्हणायचा, "घाईत घेतलं की माणूस फसतो." वेबकॅमेरा ड्रॉवरमध्ये, राऊटर खोक्यात आणि मी एका डेंटिस्टच्या रिसेप्शनवर बसून लोकांच्या अपॉइंटमेंटा लिहिते आहे, असे ते महिने गेले. आईची खबर वहिनीकडून कळायची. खाते नीट. झोपते. कुणी आलं तर आत जाऊन बसते, कारण चारचौघांत बसून काही कळत नाही आणि लोक हसले की आपल्यालाच हसले असं तिला वाटतं. हे ऐकून मी नवऱ्यावर भडकायचे. तो म्हणायचा, कार्डाचा आणि याचा काय संबंध?

ऑगस्टच्या शेवटी वहिनीचा फोन आला. "फोनलाइनवरचं हळू नेट काढलं, आमचंही ब्रॉडबँड झालं बरं का. केबलवाला आला, गच्चीवरून वायर टाकली, चहा पिऊन गेला. एका दुपारी झालं. तुमचं कधी?"

मी काय सांगणार? लंडनमध्ये राहतो आम्ही! नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

"आई रोज संध्याकाळी त्या कॉम्प्युटरपुढे खुर्ची टाकून बसतात," वहिनी म्हणाली. "विचारतात, इथूनच दिसणार नं ती? मी म्हणते, हो. मग बसतात थोडा वेळ आणि उठतात."

त्या रात्री माझा आवाज शेजाऱ्यांकडे गेला असणार. मी नवऱ्याला म्हटलं, माझी आई बंद पडलेल्या काचेसमोर बसते आहे आणि तुम्ही दोघं उंटावरचे शहाणे वॉरंटी मोजताय. तुझी आई असती तर? त्याला वाईट वाटलं, हे मी मान्य करते. त्याने लगेच फोन उचलला आणि मित्राला लावला. मित्र म्हणाला, दोन आठवड्यांनी नवीन मॉडेल येतंय, आता थांबलाच आहेस तर थोडं थांब.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी नवरा ऑन-कॉल होता. मी वरच्या लहानशा बॉक्सरूममध्ये धूळ ओढायचा हूवर फिरवत होते. तिथे आमचा तो जुना, नेटवर्किंग नसलेला कॉम्प्युटर होता. त्याच्यावर सासूबाईंनी पुण्याहून शिवून पाठवलेलं झालरीचं कव्हर. आमच्या घरात उघडं काही राहत नाही. मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत. आणि कॉम्प्युटर घरी आला त्या दिवशी नवऱ्याने त्याच्या मागची जी जी भोकं रिकामी दिसली, त्या सगळ्यांवर हॉस्पिटलातली पांढरी चिकटपट्टी लावून टाकली होती, भूल देताना नळी पक्की करायला वापरतात ती. का? तर रिकाम्या भोकातून धूळ जाते. मी तेव्हाही हसले होते. तो म्हणाला होता, हसतेस काय, मशिन दहा वर्षं टिकेल.

हूवरच्या तोंडाने त्यातल्या एका पट्टीचं टोक ओढून घेतलं. पट्टी निम्मी सुटली. मी वाकून ती नीट लावायला गेले आणि खाली एक चौकोनी भोक दिसलं. शेजारी टेलिफोनच्या वायरीचं भोक होतं, त्याच्यासारखंच, फक्त जरा रुंद. राऊटरच्या खोक्यातल्या वायरीचं टोक मला आठवलं. मग खाली गेले, राऊटरचं खोकं उघडलं, त्यातली पिवळी वायर वर आणली आणि तिचं टोक त्या भोकात सरकवलं. टक् आवाज आला. असं बसलं की जणू त्याच्यासाठीच केलं होतं, आणि केलं होतंच की!

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला आधी हसू आलं आणि मग असा संताप आला की हूवरला लाथ घातली.

वायर आखूड होती, ती काही जिना उतरून हॉलवेपर्यंत पोचणार नव्हती. म्हणजे आता वायरलेस, म्हणजे पुन्हा एजवेअर. छे! मी कॉम्प्युटरच उचलला. आधी पेटी, मग तो जडशीळ मॉनिटर पोटाशी धरून एकेक पायरी उतरले आणि दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर सगळं मांडलं. राऊटर लावला, पिवळी वायर जोडली. मागच्या भोकाशी एक बारका हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

नवरा संध्याकाळी आला तो दार उघडून थेट मॉनिटरवरच आदळला. "हे इथे काय?"

"तुझं कार्ड," मी म्हटलं. "आतच होतं. तुझ्याच पट्टीखाली. त्याचे पैसे आपण केव्हाच देऊन बसलोय, आता हवं तर काढून किती ते विचारून ये."

तो कोटसुद्धा न काढता मागे वाकला आणि बाकीच्या पट्ट्याही एकेक करून सोलायला लागला, आणखी काय काय दडलंय ते बघायला. मग त्याने मित्राला फोन केला. मी ऐकत होते. मित्र पलीकडून म्हणाला, "हां, मग ऑनबोर्ड असणार. मी तेच म्हणत होतो." काय बोलावं या माणसाला? मी नवऱ्याच्या हातून फोन घेतला आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले, अंगात कोट, कारण दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून, म्हणजे लेटरबॉक्समधून, वारा सरळ मानेवर यायचा. आणि आई दिसली. चौकोनाचौकोनांची, तुटक, हलली की पुसट होणारी, पण आईच. ती पुढे झुकली, इतकी की नुसता चष्मा आणि कपाळ दिसायला लागलं. पहिलं वाक्य, "अगं बाई, केस किती पांढरे झाले तुझे!" मी धाय मोकलून रडले. इतक्या महिन्यांत माझ्याकडे असं कुणी बघितलंच नव्हतं. ती म्हणाली, "रडू नको. रंग लावता येते."

तिला माझे ओठ वाचता येईनात, कारण चित्र अडकायचं आणि आवाज पुढे निघून जायचा. मग मी जाड मार्करने कागदावर लिहून कागद कॅमेऱ्यासमोर धरायला लागले. इथेही आमच्या डॉक्टरांनी डोकं लावलं. मला कोपऱ्यात माझंच चित्र दिसत होतं, त्यात अक्षरं उलटी होती. तो म्हणाला, म्हणजे त्यांनाही उलटी दिसतात, थांब, आपण उलटं लिहू, म्हणजे सुलटं दिसेल. आणि बसून त्याने एकेक अक्षर उलटं काढलं. आईने बराच वेळ डोळे बारीक करून बघितलं. "हे काय, जावई उर्दू लिहून राहिले का?" आरशात स्वतःला दिसतं ते समोरच्याला तसं दिसत नाही, एवढं डॉक्टरांच्या फेलोशिपला शिकवत नाहीत वाटतं. मी त्याच्या हातून मार्कर घेतला आणि सरळ लिहायला लागले.

त्यानंतरचे रविवार फार चांगले गेले. आई मला पोळ्या दाखवायची, नवीन चादर दाखवायची. मी कागदावर लिहायचे, ती उत्तरं द्यायची, आणि उत्तरं त्याच प्रश्नांची असायची. वहिनी म्हणाली, आई आता रविवारी सकाळीच पातळ बदलून बसतात.

आणि मग, नोव्हेंबरात, जेवताना नवरा म्हणाला, "डिसेंबरच्या तिकिटाचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? काढायचं."

"नाही, म्हणजे आता भेट तर दर आठवड्याला होतेच आहे. ख्रिसमसला तिकिटं महाग असतात. उन्हाळ्यात बघू."

मित्र समोर बसला होताच, माझ्याच हातचं जेवत. "खरंय वहिनी," तो म्हणाला. "आता अंतर राहिलंय कुठे? तुम्ही व्हर्च्युअली नागपूरलाच आहात."

"मग तुम्ही उद्यापासून व्हर्च्युअली जेवायला येत जा," मी म्हटलं. त्याची बायको मोठ्याने हसली. तो हसला नाही.

पण नवऱ्याने विषय सोडला नाही. तो दुष्ट नाही, फक्त त्याला एखादी गोष्ट वजा करायची संधी दिसली की राहवत नाही. म्हणाला, "आईंनाच विचार. त्या ये म्हणाल्या तर जा, मी एका शब्दाने बोलणार नाही."

रविवारी मी मोठ्या अक्षरात लिहिलं, "डिसेंबरात येऊ का?" आणि कागद समोर धरला. नवरा माझ्या मागे, कठड्याला टेकून उभा होता. आईने चष्मा पुसला, वाचलं, पुन्हा वाचलं. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं.

"नको गं बाई," ती हसून म्हणाली. "कायले येते इतक्या लांब? केवढा पैसा लागते. प्रवासात थकते तू. दिसते नं तू मला बसल्या जागी. नको येऊ."

"बघ," नवरा म्हणाला.

मी कागद खाली ठेवला. आईने जावयांना नमस्कार केला, मला हात हलवला. वहिनी म्हणाली, "ताई, ठेवते हं," आणि तेवढ्यात त्यांच्या दारावरची बेल वाजली म्हणून ती तशीच उठून गेली. बंद करायचं राहिलं. आईला ते कळलं नाही, तिच्या मते भेट संपली होती. ती खुर्चीतच बसून राहिली, आता कॅमेऱ्याकडे न बघता, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी माऊसवर हात ठेवला होता, पण मला काही ते बंद करवेना.

वहिनी परत आली. आई तिच्याकडे वळून बोलली. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. तिला वाटलं ती हळूच बोलते आहे. आमच्या अख्ख्या हॉलवेत ते घुमलं.

"मी नको म्हटलं तिला. जावई उभे होते मागे."

वहिनी काहीतरी म्हणाली, ते ऐकू आलं नाही.

"आता काही येत नाही ती," आई म्हणाली. "दिसली नं मी तिला. आता कायले येते."

वहिनीचं लक्ष पडद्याकडे गेलं, तिने दचकून हात पुढे केला आणि चित्र काळं झालं.

नवरा मागे उभाच होता. लेटरबॉक्सची झडप वाऱ्याने वाजत होती. तो म्हणाला, "तिकिटाचं उद्या बघतो."

"उद्या कशाला?" मी म्हटलं आणि पायरीवरून सरकून त्याला जागा करून दिली. "वायर जोडलेली आहे. आत्ता बघ."